बेपत्ता पेशी

राजमती उपाध्येनं ती पेशी पाहिली तेव्हा मंगळवारी सकाळचे साडेदहा वाजले होते आणि तिला चहाची तलफ आली होती. पुढे कितीतरी दिवस तिला याचंच नवल वाटत राहिलं. काहीच वेगळं जाणवलं नाही. नमुना क्रमांक चार-चार-एक-सात. पडद्यावर यंत्रानं पेशीभोवती लाल वर्तुळ काढलेलं होतं. तिनं नेहमीच्या सवयीनं पेशी मोठी करून पाहिली, खाली 'सहमत' लिहिलं, सही केली आणि ती कँटीनकडे गेली. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

मिरजेच्या त्या प्रयोगशाळेत तिला एकतीस वर्षं झाली होती. ती आली तेव्हा पेशी काचपट्टीवर असायच्या आणि वाचणाऱ्याचे डोळे सूक्ष्मदर्शकाला चिकटलेले. कुणाच्या गर्भाशयाच्या तोंडावरून खरवडून आणलेल्या पेशी, कुणाच्या थुंकीतल्या, कुणाच्या मानेतल्या गाठीत बारीक सुई घालून ओढून घेतलेल्या. काचपट्टी रंगवायची आणि डाव्या हातानं सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचून काढायची. हजारो सरळमार्गी पेशींच्या गर्दीत एखादीच बिघडलेली असते. तिचं केंद्रक अंगाच्या मानानं मोठं, कडा चुरगळलेली, आतला रंग गडद आणि गुठळ्यागुठळ्यांचा. तेवढी एक नजरेला पडली, की गाठ हाताला लागायच्या आत कॅन्सर पकडता येतो. राजमतीनं अशा शेकडो पकडल्या होत्या. त्यातल्या कित्येक बायका आज नातवंडं खेळवत होत्या आणि त्यांना हिचं नावही ठाऊक नव्हतं. तिला ते आवडायचं.

मग 'गाळणी' आली. सरकारी कागदावर यंत्राचं नाव लांबलचक होतं, पण सगळे गाळणीच म्हणत. मूळ कल्पना साधी होती. शरीरातला प्रत्येक अवयव आपल्या पेशी टाकत असतो आणि त्यातली एखाददुसरी रक्तात उतरते. थोडं रक्त केसाहून बारीक भोकांच्या चाळणीतून नेलं, की रक्ताच्या स्वतःच्या मऊ पेशी अंग चोरून निघून जातात आणि या परक्या, मोठ्या पेशी अडकतात. यंत्र त्यांचे फोटो काढतं आणि लाखो माणसांच्या पेशींशी ताडून बघतं. ही अशी माणसं, की ज्यांचं पुढे काय झालं याची पंधरा-पंधरा वर्षं नोंद ठेवलेली आहे. माणसाच्या डोळ्याला जिथे 'जरा बरं दिसत नाही' एवढंच वाटलं असतं, तिथे यंत्र ठामपणे सांगतं, ही बिघडली आहे. गाठ धरायच्या चार, सहा, कधी दहा वर्षं आधी. शिवाय पेशीच्या अंगावरच्या प्रथिनांवरून ती कुठून निघाली तेही कळतं. फुप्फुस, स्तन, आतडं. याला प्रयोगशाळेत 'पत्ता' म्हणत. पत्ता मिळाला की नेमकं तिथेच शोधायचं आणि कोवळं असतानाच काढून टाकायचं.

पण बिघडलेली पेशी कधीकधी आपली ओळखच पुसून टाकते. दहातली एक तरी तशी निघे. मग अहवालावर 'मूळ अवयव अज्ञात' असं छापून येई. प्रयोगशाळेतली माणसं अशा अहवालाला 'बेपत्ता' म्हणत. बेपत्ता अहवालाच्या दहा माणसांपैकी सहाजणांना पुढे केव्हातरी कॅन्सर होई, चौघांना कधीच होत नसे. सहा कोण आणि चार कोण, ते सांगायला यंत्राला येत नव्हतं आणि माणसालाही. गाठच नाही तर सर्जन कापणार काय? अंदाजानं औषधं देऊन बघण्याचा प्रयोग झाला होता. रोग यायच्या आधी औषधानंच माणसं खंगली, म्हणून तो थांबवला. दर चार महिन्यांनी अख्ख्या अंगाचा स्कॅन करायचा आणि वाट बघायची, एवढंच उरलं होतं.

यंत्राच्या प्रत्येक निकालावर माणसाची सही लागे. नाव दिसत नसे, फक्त क्रमांक. चार-चार-एक-सात बेपत्ता होती.

शुक्रवारी दुपारी राजमतीच्या फोनवर संदेश आला. 'श्री. भरतेश उपाध्ये यांच्या वतीने अहवाल स्वीकारणारी व्यक्ती म्हणून आपली नोंद आहे. सोबत अहवाल.' खाली क्रमांक होता.

भरतेश तिचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहावीत होता. त्याच्या डब्यापासून लग्नाच्या याद्यांपर्यंत सगळं हिनंच केलं. स्वतःचं लग्न तिनं केलं नाही. नातेवाईक म्हणत, झालं नाही. भरतेश हरिपूरच्या शाळेत पी.टी.चा मास्तर होता आणि चव्वेचाळिसाव्या वर्षीही कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत पोरांच्या बरोबरीनं वल्हं मारायचा. सहा आठवड्यांपूर्वी शिक्षकांच्या तपासणी शिबिरातून त्याचा फोन आला होता.

"अक्का, इथं तीन चौकोन आहेत. निकाल मला सांगा, मला सांगू नका, नाहीतर अमक्याला सांगा. कशावर खूण करू?"

"मला सांगा, यावर कर की."

"नको बाई. ते आपल्याला झेपायचं नाही. तुझं नाव घालतो. तू त्यातलीच आहेस. काय असलं तर तू बघून घे, मला सांगू नको."

ती कुकर लावत होती. "घाल," म्हणाली.

आता ती पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसली आणि तिनं चार-चार-एक-सात उघडली. पेशी तीच होती, पण मंगळवारसारखी दिसेना. कडा तशी चुरगळलेली कुठे आहे? फोटोच जरा हललेला असेल. रंग गडद आहे, पण सूज आली तरी पेशी गडद होतात, आणि गेल्या महिन्यात त्याची दाढ सुजली होती. केंद्रक मोठं म्हणजे असं कितीसं मोठं? तिनं मोजलं. पुन्हा मोजलं. अहवालात दुरुस्ती करायची सोय होती. तिनं 'संशयास्पद, पुन्हा तपासावे' असं टाइप केलं आणि त्या अक्षरांकडे बघत बसली.

"याच्यावर सही झालीये ना तुमची?" मागून आवाज आला. डॉ. शहनाज मुजावर, प्रयोगशाळेच्या प्रमुख.

"मॅडम, ही सुजेची पेशी वाटतेय मला."

"मंगळवारी नाही वाटली?"

"मंगळवारी घाई झाली."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. चष्मा वर करून त्यांनी पेशी बराच वेळ पाहिली, मग राजमतीकडे पाहिलं.

"कोण आहे?"

"भाऊ."

 डॉक्टरांनी हात पुढे करून टाइप केलेली ओळ पुसली. "मी पुण्याच्या वाचकाकडे पाठवते. नाव-गाव काही सांगत नाही. पण राजमतीबाई, तुम्ही उठा इथून. या पेशीपुरत्या तुम्ही वाचक नाही आता."

सोमवारी पुण्याहून उत्तर आलं. एकच शब्द होता. सहमत.

त्यानंतर राजमती दर रविवारी हरिपूरला जायला लागली. पूर्वी ती सणावाराला जायची. आता बस धरून सकाळी आठलाच दारात. भरतेशची बायको त्रिशला भाकरी थापत असे, आणि राजमती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून त्याला विचारी, वजन किती भरलं, खोकला आहे का, पोट साफ होतं का. "अक्का, मी काय बैल आहे का बाजारातला?" असं म्हणून तो हसायचा. ती हसायची नाही. तो नदीवर सरावाला गेला की तीही घाटावर जाऊन उभी राही. बाराजणांच्या होडीत त्याची पाठ लांबून ओळखू येई. रुंद, काळी, उन्हात चकाकणारी. या पाठीत असेल का? की खाली पोटात, यकृताच्या आड? तीस वर्षं ती पेशीवरून माणूस वाचत आली होती. आता अख्खा माणूस समोर होता आणि एक अक्षर वाचता येत नव्हतं.

त्या घरात तेव्हा दुसरीच धांदल होती. लग्नाला पंधरा वर्षं होऊनही मूल नव्हतं, म्हणून दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. साताऱ्याकडच्या एका संस्थेतली चार वर्षांची चैत्राली त्यांना लाभणार होती. पाच भेटी झाल्या होत्या. भरतेश गेला की ती त्याच्या पाठीवर चढे आणि तो अंगणभर वल्ही मारत फिरे. घरात तिच्यासाठी खिडकीजवळची खोली रंगवून झाली होती. फक्त एक पत्र राहिलं होतं, जवळच्या नातेवाइकाचं. आईबापांना काही झालं तर मुलीला मी सांभाळीन, असं लिहून द्यायचं. त्याच पत्रात खाली एक प्रश्न होता. अर्जदारांच्या आरोग्याविषयी आपल्याला काही माहिती आहे का?

ते पत्र तीन आठवडे राजमतीच्या कपाटात पडून होतं.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर भरतेश सरळ मिरजेला तिच्या घरी आला. गळ्यात शिट्टी तशीच होती. पाटावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "पत्र दे."

"लिहायचंय अजून."

"अक्का, माझ्यात काय निघालंय?"

तिनं गॅस बंद केला. "तू सांगू नको म्हणाला होतास."

"तू सांगितलंयस की. तीन आठवडे झाले, आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्याकडं बघायचीस तशी बघतीयस माझ्याकडं. आता तोंडानं सांग."

तिनं सांगितलं. सवयीनं ती नीट, क्रमानं सांगत गेली. दहातले सहा, दहातले चार. तो मान हलवत ऐकत होता.

"बरं. कुठं आहे?"

"माहीत नाही."

"म्हणजे पोटात, छातीत, कुठंतरी असेल की."

"कुठंतरी आहे, नाहीतर अजून कुठंच नाही."

"औषध?"

"नाही."

"ऑपरेशन?"

"कशाचं करायचं?"

 नकळत त्याचा हात आपल्याच मानेवरून, बरगड्यांवरून फिरत पोटावर आला आणि तिथे थांबला. "मग तुम्ही हे शोधता कशाला गं?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. वर्गातल्या पोरानं खरोखरच न समजल्यावर विचारावं तसं विचारलं.

ज्यांचा पत्ता लागतो ते दहातले नऊजण वाचतात, हे तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

बऱ्याच वेळानं तो उठला. "त्रिशलाला मी सांगतो. तू पत्रात काही लिहू नको. चौघांना होत नाही म्हणालीस ना? मी त्या चौघांतला आहे असं समज आणि सही कर."

"भरतेश, खोटी सही कशी करू?"

"माझ्यासाठी आजवर काय मागितलंय मी तुला?"

काहीच मागितलं नव्हतं. तिनंच न मागता दिलं होतं सगळं. त्यानं दारात उभं राहून वाट बघितली आणि तिनं त्या प्रश्नापुढे 'काही माहिती नाही' असं लिहून सही केली. एकतीस वर्षांतली तिची ती पहिली खोटी सही. अक्षर मात्र नेहमीसारखंच आलं.

बारा दिवसांनी संस्थेतून बोलावणं आलं. तिघंही गेले. त्रिशलानं पिशवीत फुलाफुलांचा फ्रॉक घेतला होता, राहून गेलेली सही असेल आणि त्याच दिवशी मुलगी घेऊन यायला मिळेल या आशेनं. संस्थेच्या बाई पन्नाशीच्या, बोलायला मऊ होत्या. त्यांनी संगणकाचा पडदा वळवून दाखवला. अर्जावर सह्या केल्या तेव्हाच आरोग्याच्या नोंदी पाहायला दोघांनी संमती दिली होती. शेवटच्या टप्प्यावर त्या नोंदी आपोआप जुळवल्या जात. भरतेशच्या नावापुढे 'मूळ अवयव अज्ञात' हे तीन शब्द होते.

"नियम असा आहे, की अशा वेळी फाइल पाच वर्षं थांबवायची," बाई म्हणाल्या. "पाच वर्षं स्कॅन स्वच्छ आले तर पुन्हा अर्ज करता येईल."

"पाच वर्षांनी आम्ही वयात बसणार नाही," त्रिशला म्हणाली.

"हो."

राजमती पुढे सरकली. "मॅडम, मी यातच काम करते. दहातल्या चौघांना काहीसुद्धा होत नाही. तो धडधाकट आहे, तुम्ही बघताय."

"बाई, चौघांचं मला पटतं. पण उरलेल्या सहांचं मी काय करू? या मुलीचं एक घर आधीच मोडलेलं आहे." मग बाईंनी तिचं पत्र काढून समोर ठेवलं. "आणि तुम्ही यातच काम करता, तर हे कसं लिहिलंत?"

राजमतीनं पत्र उचललं, आपल्या सहीकडे पाहिलं आणि परत ठेवलं.

बाहेर अंगणात भरतेशला बघून चैत्राली पळत आली आणि वळून त्याच्या पाठीवर चढायला लागली. त्यानं तिला चढू दिलं. एक फेरी मारली. सांभाळणारी बाई येऊन तिला उतरवून घेऊन गेली, तरी तो तसाच वाकून उभा राहिला. त्रिशला जाऊन त्याच्या दंडाला धरेपर्यंत.

परतीच्या बसमध्ये कऱ्हाड मागे पडलं. मग त्रिशला खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "अक्का, तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं ना, तर मी शेवटच्या दोन भेटींना गेले नसते."

"त्रिशला, मला वाटलं..."

"तिनं मला आई म्हटलं ते शेवटच्या भेटीत. त्याआधी काकू म्हणायची."

पत्राची तक्रार प्रयोगशाळेपर्यंत आली. डॉ. मुजावरांनी राजमतीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि सही करायचा तिचा अधिकार काढून घेतल्याचा कागद हातात दिला. "मीसुद्धा कदाचित हेच केलं असतं," त्या म्हणाल्या, "आणि मग माझाही अधिकार काढून घेणंच योग्य ठरलं असतं." राजमतीची बदली नमुने उतरवून घ्यायच्या खिडकीवर झाली. नळ्यांवर क्रमांक चिकटवायचे आणि आत पाठवायचे. आत कोण काय वाचतं, ते तिला कळत नसे.

सहा महिन्यांनी चैत्राली नाशिकच्या एका घरी गेली. संस्थेनं तेवढं कळवलं.

भरतेशला काही झालं नाही. पहिला स्कॅन स्वच्छ आला, दुसरा आला, पाचवा आला. रक्त तपासलं की पेशी मात्र असायच्या, कधी दोन, कधी तीन, एकदा एकच. पत्ता नव्हताच. तिसऱ्या वर्षी त्यानं शर्यतीतलं नाव काढून घेतलं. दम कमी झाला नव्हता. "ऐन शर्यतीत काय झालं तर अकराजण बुडतील," म्हणाला. मुख्याध्यापकाची जागा चालून आली, ती त्यानं दुसऱ्याला सोडली. खिडकीजवळच्या खोलीत त्रिशलानं गहू-तांदळाची पिंपं नेऊन ठेवली. ती राजमतीशी बोलायची, पण विचारलं तेवढंच. जेवण झालं का? झालं. बस मिळाली का? मिळाली. तिच्या हातून कधी काही कमी पडलं नाही. स्कॅनच्या दिवशी तीच सगळ्यांचा डबा आणायची.

राजमतीनं कितीदा मनाशी ठरवलं होतं, की आपण दोघांपुढे बसावं आणि माफी मागावी. पण कशाची मागायची तेच तिला ठरवता येईना. सही केली म्हणून, की सही केली नव्हती त्या तीन आठवड्यांची, की त्या मंगळवारच्या दोन मिनिटांची? त्या दोन मिनिटांत तर तिचं काहीच चुकलं नव्हतं.

चौथ्या वर्षी अकरावा स्कॅन झाला. बाहेरच्या बाकावर त्रिशला आणि राजमती, मध्ये डब्याची पिशवी. आतून यंत्राचा घरघर आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. दीड तासानं दार उघडलं. शर्टाची बटणं लावत भरतेश बाहेर आला. मागोमाग एक तरुण डॉक्टर आला, नव्यानंच रुजू झालेला, हसऱ्या चेहऱ्याचा.

"अभिनंदन, सर! कुठेच काही नाही."

"नीट बघितलंत?"

"अगदी मिलिमीटर मिलिमीटर."

भरतेश शेवटच्या बटणापाशी अडला. ते काजात जाईना. "डॉक्टर," तो म्हणाला, "एकदाचं सापडू दे की हो."

डॉक्टरला ती थट्टा वाटली. तो मोकळेपणानं हसला आणि "असं कसं म्हणता, सर," म्हणत पुढच्या माणसाला हाक मारायला वळला.

राजमतीच्या हातात भरतेशचं घड्याळ होतं, आत जाताना त्यानं काढून दिलेलं. तो बोलला आणि तिला एकदम कळलं, की गेला दीड तास या बाकावर बसून ती मनातल्या मनात तेच मागत होती. कुठेही सापडू दे, केवढंही सापडू दे, पण सापडू दे. आपल्याच भावाच्या अंगात. तिनं घाबरून त्रिशलाकडे पाहिलं. तिचेही ओठ मिटलेले होते आणि नजर जमिनीवर खिळलेली होती. पण आज पहिल्यांदाच तिनं पिशवीवरचा हात उचलून राजमतीच्या हातावर ठेवला.

मग त्रिशला उठली, आणि पुढची तारीख घ्यायला खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.